शाळेतून निरोप आलाय : हॅलोविन

ऑक्टोबर निम्मा सरला की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब मिटायच्या आत कुणाचा तरी मोबाईल पुढे येतो. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गातून निरोप आलेला असतो : 'हॅलोविन साजरा करणार आहोत, मुलांना वेशभूषा करून पाठवा.' आई विचारते, "ताई, हे काय असतं? आणि पोशाख आणू कुठून?" बाजारात तयार पोशाखाला ४००-५०० रुपये सांगतात. महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या बाईचे ते किती महिने झाले, तुम्हीच मोजा. आणि निरोपाकडे काणाडोळा केला तर आपलं मूल वर्गात एकटंच गणवेशात बसतं, तेही जिवाला लागतं.

म्हणून आज हे हॅलोविन काय आहे ते सांगतो आणि घरातल्या वस्तूंतून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी काय करता येतं तेही. साजरं करा असा आमचा आग्रह नाही, करू नका असंही नाही. करायचंच झालं तर मुलाच्या हाताला आणि डोक्याला त्यातून काही मिळावं, एवढंच बघू.

हॅलोविन येतं ३१ ऑक्टोबरला. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. नावाचा अर्थही तोच. पण त्याचं मूळ त्याहून जुनं आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोक पिकं घरात आली, थंडी सुरू झाली की 'साविन' नावाचा सण पाळायचे. त्या रात्री मेलेली माणसं या जगात येऊन जातात असा त्यांचा समज. आपण पितृपक्षात घास बाहेर ठेवतो, ती आठवण इथे होतेच. तिकडे सलगम कोरून त्यात निखारा किंवा मेणबत्ती ठेवायचे. त्याची एक गोष्टही सांगतात : जॅक नावाच्या कवडीचुंबक माणसाने सैतानाला फसवलं, मेल्यावर त्याला ना स्वर्गात जागा मिळाली ना नरकात, म्हणून तो कोरलेल्या सलगमात निखारा घेऊन अंधारात फिरत राहिला.

मग सलगमाचा भोपळा कसा झाला? १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला आणि लाखो माणसं बोटींनी अमेरिकेला गेली. सण बरोबर नेला. तिथे भोपळा आयताच मिळाला, मोठा आणि कोरायला सलगमापेक्षा सोपा. आपला तांबडा भोपळाही मुळात अमेरिकेकडचाच, बरं का. तिथली मुलं त्या संध्याकाळी सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. १९५० साली फिलाडेल्फिया शहराच्या भागातल्या काही मुलांनी खाऊबरोबर डब्यांतून नाणीही गोळा केली आणि जगातल्या गरजू मुलांसाठी युनिसेफला पाठवली. ती रीत पुढे देशभर पसरली. आपल्या गटाच्या मुलांना हे सांगायला छान आहे, त्यांना गल्ला चांगला कळतो.

आता कामाला लागू. भोपळा कोरू नका. आपला भोपळा जाड सालीचा असतो, विळीवर फोडतानाच आपली दमछाक होते, त्यात लहान मुलांसमोर सुरी नको. शिवाय कोरलेला भोपळा दोन दिवसांत सुटतो आणि भाजी वाया जाते. त्याऐवजी एक लहानसा अख्खा भोपळा धुऊन पुसून घ्या आणि कोळशाने किंवा खडूने त्याच्यावर तोंड काढू द्या. डोळे त्रिकोणी, नाक गोल, दात चौकोनी : आकार शिकवायला याहून सोपी पाटी नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, दुसरं तोंड काढायचं. आज हसरं, उद्या रडकं, परवा रुसलेलं. "हा भोपळा का रुसला असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मूल भोपळ्याचं म्हणून जे सांगतं, त्यात बऱ्याचदा त्याचं स्वतःचं काहीतरी निघतं. शाळेतल्या भांडणाचा पत्ता आम्हाला असाच लागलाय.

मग घमेल्यात किंवा टबात पाणी घ्या. एक बटाटा आणि हाच भोपळा. कोण बुडेल? सगळी मुलं म्हणतील भोपळा, कारण तो जड. बटाटा तळाशी जातो आणि भोपळा तरंगतो. मुलं पुन्हा पुन्हा दाबून बघतात. लगेच समजावायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी भाजीसाठी चिराल तेव्हा आतली पोकळी दाखवा. चिरण्याचं काम आपलं, पण चमच्याने गर आणि बिया खरवडणं मुलांचं. त्या बुळबुळीत धाग्यांत हात घालायला काहींना किळस वाटते. जबरदस्ती नको, चमचा द्या.

बिया धुऊन सुपात वाळवा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग दहा-दहाचे ढीग लावून मोजा. चार बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर साधारण आठवडाभरात मोड दिसतो. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात मात्र बिया एकट्याने देऊ नका. या वयात बी नाकात किंवा कानात जायला वेळ लागत नाही. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं द्या, रंगाप्रमाणे वेगळी करायला.

भोपळा आला की म्हातारीची गोष्ट आलीच. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ-कोल्हे, आणि परतताना भोपळ्यात बसून सगळ्यांना चकवणारी. आमच्या मते हॅलोविनच्या दिवशी सांगायला हीच गोष्ट सगळ्यांत योग्य. भीती आहे, अंधारं जंगल आहे, पण म्हातारी हुशारीने सुटते. मुलांना आळीपाळीने वाघ, म्हातारी आणि भोपळा होऊ द्या. जे मूल सगळ्यांत भित्रं, त्याला आधी वाघ करा. डरकाळी फोडून झाली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वटवाघूळ आणि कोळी हे हॅलोविनचे दुसरे दोन मानकरी. रिकामी काडेपेटी काळ्या कागदात गुंडाळा, ते अंग. मुलाचे दोन्ही पंजे कागदावर ठेवून कडेने रेघ ओढा, कापा, ते पंख. बोथट टोकाची कात्री चालवणं हाच यातला खरा धडा. बोटांत जोर आला की पुढे पेन्सिल धरणं सोपं जातं. कापलेलं वेडंवाकडं असलं तरी तसंच चिकटवा, आईने सुधारून दिलेलं वटवाघूळ मुलाचं राहत नाही. चिकटवताना सांगा : हा पक्षी नाही. अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजतो. लहान जातीची वटवाघळं रात्री डास-पाखरं खातात, मोठी फळं खाऊन बिया लांब टाकतात. खाली पडलेल्या खऱ्या वटवाघळाला हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची, हेही त्याच वेळी सांगून टाका.

कोळ्यासाठी अंगठे दुमडा आणि दोन्ही हातांची उरलेली बोटं मोजा. चार आणि चार, आठ. कोळ्याचे पाय आठ, मुंगीचे सहा. पत्रावळीच्या कडेला आठ खाचा पाडून त्यांतून लोकर किंवा सुतळी फिरवली की जाळं तयार. कोळी म्हणून एखादं बाटलीचं झाकण लटकवा.

पोशाखाचं सांगतो. मोडकी काळी छत्री टाकू नका. काड्या काढून टाका, कापड मधून दोन भागांत कापा. कडेची ती कमानदार नक्षी म्हणजे वटवाघळाचे आयते पंख. एकेक तुकडा जुन्या काळ्या शर्टाच्या बाहीला आणि पाठीला टाचा. गटातल्या शिवणयंत्रावर अर्ध्या तासाचं काम. छत्री नसेल तर नारिंगी ओढणीचा भोपळा करा : पोटावर सैलसर गुंडाळून टाचायची, काळ्या कागदाचे डोळे लावायचे. डोक्यावरून पांढरी चादर घेतलेलं भूत मात्र टाळा. चादर पायात येते आणि भोकं डोळ्यांवरून सरकतात.

जादूही करून दाखवता येते. साध्या कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा. कपड्याच्या साबणाचं घट्ट पाणी कापसाच्या बोळ्याने घेऊन त्यावर चित्र काढा. पिवळ्यावर लालसर तपकिरी रेघ उमटते. मग त्यावर लिंबाचा थेंब टाका, रेघ पुन्हा पिवळी. मोठ्यांनी शेजारी बसून करायचं, साबणाचे हात डोळ्यांना लागू द्यायचे नाहीत. सहा वर्षांचं मूल नक्की विचारेल, जादू कशी झाली? तेव्हा सांगायचं की ही जादू नाही, हळदीचा गुण आहे. आंबट आणि साबण दोन्ही तिला ओळखता येतात.

आणि आता एक गोष्ट आम्ही स्पष्टच बोलतो. हॅलोविनच्या चित्रांत एक चेटकीण असते, वाकड्या नाकाची, हातात झाडू घेतलेली म्हातारी. आमच्या गटांत आम्ही ते चित्र करून घेत नाही. अमेरिकेत सेलम गावात १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं, त्यात १४ बाया होत्या. ते तिकडचं आणि जुनं झालं म्हणावं, तर आपल्या राज्यात सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. बऱ्याचदा ती विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगीच नाही. चार वर्षांच्या पोराला 'म्हातारी, एकटी, कुरूप बाई म्हणजे वाईट' हे हसत-खेळत शिकवायचं आणि मोठेपणी त्याने वेगळं वागावं अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारं नाही. शाळेने चेटकिणीचा पोशाख सांगितला तर बाईंना जाऊन भेटा आणि वटवाघूळ किंवा भोपळा करून पाठवतो म्हणून सांगा. कारणही सांगा. ऐकतात त्या.

भुताचं तसं नाही, भुताचा खेळ होऊ शकतो. पण मुलाच्या वयाकडे बघून. तीन वर्षांच्या मुलाला मुखवट्यामागे आपली आईच आहे याची खात्री नसते. त्याच्यादेखत मुखवटा लावा, काढा, पुन्हा लावा. मग तो त्याच्या हातात द्या. काडीला चिकटवलेला, तोंडासमोर धरायचा मुखवटा बरा, नको वाटला की खाली करता येतो. अंधाराची भीती असेल तर बॅटरी घेऊन भिंतीवर सावल्या करा. हात बॅटरीजवळ नेला की सावली मोठी होते, लांब नेला की लहान. भूत मोठं करायचं की लहान, हे आपल्या हातात आहे हे कळलं की मूल खदखदा हसतं. आणि घास भरवताना 'बागुलबुवा येईल' म्हणायची आपली सवय या निमित्ताने सुटली तर फारच उत्तम. दिवसभर आपणच भीती घालायची आणि रात्री मूल एकटं झोपत नाही म्हणून चिडायचं, असं चाललेलं असतं.

दोन धोके नीट ऐका. बाजारात प्लॅस्टिकचे छोटे चमकणारे दिवे मिळतात, त्यांत गोल चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि घशाखाली अडकला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. झाकण स्क्रूने बंद नसेल तो दिवा घरात आणूच नका. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. दुसरं, हे सगळं दिवाळीच्या आसपास येतं, दारात पणत्या असतात. ओढणीचा भोपळा आणि छत्रीचे पंख घालून मूल पणतीजवळ जाता कामा नये. आणि पांढरा रंग हवा म्हणून चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खडूची पूड डिंकात कालवली की काम भागतं.

आता राहिला तो चिरलेला भोपळा. दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, एकत्र शिजवून गार करा. चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा, पाणी अजिबात नको. तासाभराने घारगे थापा. आपण घारग्याला मधे एक भोक पाडतो ना, तिथे मुलांना दोन डोळे आणि एक तोंड पाडू द्या. तळताना चेहरा थोडा वाकडा होतो. मुलं नेमका तोच आधी उचलतात.