चिलटं वेचण्याची सुट्टी

मे महिन्यात कॉलेजं ओस पडतात आणि संशोधन संस्थांची वसतिगृहं भरू लागतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या जोडीनं पदवीच्या मुलांना उन्हाळी फेलोशिप देते. मुंबईच्या टीआयएफआरचे आणि पुण्याच्या आयुकाचेही सुट्टीतले उपक्रम आहेत. साधारण दोन महिने मुलं खऱ्या प्रयोगशाळेत काढतात.

जनुकशास्त्राकडे गेलेल्यांच्या वाट्याला येतात ती चिलटं. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी, म्हणजे ड्रॉसोफिला, इथं नळ्यांमध्ये शेकड्यांनी वाढवतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून केलेलं त्यांचं खाद्य. त्याचा आंबूस वास कपड्यांनाही लागतो. नव्या विद्यार्थिनीला आधी नर-मादी वेगळे करायला बसवतात. कार्बन डायऑक्साइडनं माश्या गुंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायच्या आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशनं उलटसुलट करून पाहायच्या. नराच्या पोटाचं टोक काळं, पुढच्या पायांवर काळ्या केसांची फणी. संकरासाठी मादी मात्र नराशी अजून न जुळलेलीच हवी, म्हणजे कोशातून बाहेर पडल्यावर आठेक तासांत वेचलेली. अंग फिकट आणि पोटात गडद ठिपका, ही तिची खूण. एक चुकीची मादी गेली की अख्खा संकर वाया. म्हणून सकाळी नळ्या रिकाम्या करायच्या आणि दुपारी पुन्हा हजर व्हायचं. माश्यांना रविवार कळत नाही! 25 अंश सेल्सिअसला पुढची पिढी यायला दहाएक दिवस लागतात. पहिली पिढी बहुधा हात बसण्यातच जाते.

याच माश्यांच्या नोंदींवरून 1911 साली कोलंबिया विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्यानं गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा एका रात्रीत काढला. कॉलेजचा गृहपाठ तेवढा राहिला. पण रात्र एक असली, तरी त्यामागच्या माश्या मोजायला थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतले कितीतरी दिवस गेले होते.

खगोलशास्त्रात माश्यांची जागा गोंगाट घेतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. तिथल्या नोंदींत दर 0.714 सेकंदांनी येणारा एखाद्या पल्सारचा, म्हणजे स्पंदन करणाऱ्या ताऱ्याचा, ठोका शोधायचा, तर आधी माणसांनी निर्माण केलेल्या रेडिओलहरी निपटून काढाव्या लागतात. रसायनशास्त्रात सिलिकाच्या कॉलममधून थेंब गळण्याची वाट पाहायची. गणितवाल्यांना फक्त फळा.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं. जर्नलमधली रीडिंग त्याला जुळवून घेतली जातात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. इथं उत्तर गाइडलाही माहीत नसतं. दोन महिन्यांत शोध लागत नाहीच. पण जुळवलेलं रीडिंग इथं आठवड्याभरात उघडं पडतं आणि हेच शिकण्यासारखं आहे.

खंत एकच, तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत ही बातमी फारशी पोचत नाही. अकादम्यांचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरायचे असतात आणि सोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. तेव्हा बीएस्सीच्या वर्गावर शिकवणाऱ्यांनी यंदा ही माहिती नोटीस बोर्डावर लावावीच.