विवश सवयी आणि पापाची संकल्पना : कॅथलिक नीतिशास्त्राची भूमिका

नखे कुरतडणे, केस उपटणे यांसारख्या विवश सवयी पाप ठरतात काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘मानवी कृती’ आणि ‘माणसाकडून केवळ घडणारी कृती’ असा भेद केला. अन्य विचारात गुंतलेला मनुष्य नकळत दाढी खाजवतो, हे दुसऱ्या प्रकाराचे त्यांचेच उदाहरण होय. विवेकयुक्त इच्छेतून झालेली कृतीच नैतिक निवाड्यास पात्र ठरते.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार, गंभीर पापासाठी गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि हेतुपुरस्सर संमती या तिन्ही अटी आवश्यक आहेत (परिच्छेद १८५७). भय, सवय व मानसिक घटक यांमुळे उत्तरदायित्व कमी होते, प्रसंगी नाहीसेही होते (परिच्छेद १७३५). म्हणजेच, कृती जाणवत असली तरी ती आवरण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हेही पाहावे लागते.

२०१३ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात केस उपटण्याच्या विकाराचा समावेश विचार-कृती अनिवार्यतेशी संबंधित विकारांत करण्यात आला. अशा व्यक्तीस पापी ठरविल्यास अपराधभाव वाढतो आणि उपचार लांबतात. सारांश, येथे दोषारोपापेक्षा उपचार शोधणे हेच खरे नैतिक कर्तव्य ठरते.