किरणांची तीर्थे

बंगळूर शहराच्या जुन्या वस्तीत चिकपेट नावाचा भाग आहे. कन्नड भाषेत ‘चिक्क’ म्हणजे धाकटा आणि ‘दोड्ड’ म्हणजे थोरला. तेव्हा चिकपेट ही धाकटी पेठ, आणि तिला छेदून जाणारी दोड्डपेट ही थोरली. रेशमी लुगड्यांच्या दुकानांनी गजबजलेल्या या पेठेत आज भुयारी रेल्वेचे स्थानकही झाले आहे. मराठी मनाला या भागाची ओढ वाटावी असे आणखी एक कारण आहे. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. राजांनी बांधलेला गौरीमहाल याच चिकपेटेच्या परिसरात असावा असे सांगतात. महाल आज उरलेला नाही. पेठ मात्र नांदती आहे.

या पेठेच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. १५३७ साली केंपेगौडाने हे नगर वसवायचे ठरविले, तेव्हा एका ठिकाणी चार नांगर जुंपण्यात आले आणि शुभमुहूर्त येताच चार दिशांना चार बैलजोड्या हाकारण्यात आल्या, अशी आख्यायिका आहे. नांगरांच्या ज्या रेघा उमटल्या त्यांचे पुढे रस्ते झाले. दोड्डपेट दक्षिणोत्तर आणि चिकपेट पूर्वपश्चिम. कथा खरी असो वा कल्पित, तिच्यात एक सत्य दडलेले आहे. होकायंत्र हाती नसताना दिशा ठरवायची, तर माणसाने आकाशाकडेच पाहिले पाहिजे. सपाट भूमीवर एक सरळ काठी, म्हणजेच शंकू, उभा करावा. त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक त्या वर्तुळाला जेथे शिवेल तेथे एक खूण आणि दुपारनंतर जेथे शिवेल तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्वपश्चिम. ही रीत आपल्याकडील शिल्पकारांना व ज्योतिषांना फार प्राचीन काळापासून अवगत होती.

शंकूची ही सावली चिकपेटेच्या चौकात वर्षातून दोनदा नाहीशी होते, हे तेथील व्यापाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे! बंगळूरचे अक्षांश सुमारे १३ उत्तर. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस बरोबर तितकेच अंश सरकला की मध्यान्ही तो नेमका माथ्यावर येतो. २४ एप्रिलच्या आणि १८ ऑगस्टच्या सुमारास हा योग येतो. त्या दिवशी उभा खांब क्षणभर आपली सावली पायाखाली घेऊन उभा राहतो. मुंबईपुण्याकडे हाच योग मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतो. पण तेथे जुलैत ढगांचे राज्य असल्यामुळे मे महिन्यावरच भिस्त ठेवावी लागते.

परंतु आकाशातील घटना पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करावा असे खरे स्थळ चिकपेटेपासून नैर्ऋत्येस तीनेक किलोमीटरांवर आहे. ते म्हणजे गवीपुरमचे गवी गंगाधरेश्वर मंदिर. ‘गवी’ म्हणजे गुहा. एका अखंड खडकाच्या पोटात हे शिवालय आहे. आताच्या मंदिराच्या उभारणीचे श्रेय केंपेगौडालाच दिले जाते. अंगणात उंच दगडी दांड्यांवर बसविलेल्या दोन भव्य तबकड्या आहेत. एक सूर्यपान, दुसरी चंद्रपान. शेजारी पाषाणाचाच त्रिशूळ आणि डमरू. वर्षभर या गुहेत समयांचा उजेड असतो. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी, सव्वापाचच्या पुढे काही मिनिटे, मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचा किरण बाहेरच्या कमानीतून व खिडकीतून आत शिरतो, नंदीच्या दोन शिंगांमधून वाट काढतो आणि पिंडीवर येऊन स्थिरावतो. हे दृश्य पाहण्यासाठी त्या दिवशी हजारोंचा मेळा जमतो. गुहा लहान, त्यामुळे बहुतेकांना बाहेरच थांबावे लागते.

हे घडते कसे? सूर्य रोज ठीक पश्चिमेस मावळत नाही. हिवाळ्यात त्याचे मावळण्याचे ठिकाण दक्षिणेकडे सरकत जाते, २२ डिसेंबरच्या सुमारास ते दक्षिणेची सीमा गाठते आणि तेथून उत्तरेकडे परतू लागते. संक्रांतीच्या दिवशी ते पश्चिमबिंदूच्या दक्षिणेस २० अंशांहून किंचित अधिक असते. गुहेची खिडकी, नंदीची शिंगे आणि पिंडी यांना जोडणारी रेषा सायंकाळच्या सूर्याच्या नेमक्या त्या स्थानाकडे रोखलेली आहे. आकाशात सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे, आणि त्या दिवसांत सूर्य रोज अंशाच्या सहाव्या भागाइतकाच उत्तरेकडे सरकतो. म्हणून हा प्रकाश एकाच दिवसाचा पाहुणा नसतो. १३ ते १६ जानेवारीपर्यंत तो येत राहतो.

जो प्रवासी परतीच्या वाटेवर एका गावी थांबतो, त्याने जातानाही ते गाव ओलांडलेले असतेच. सूर्याचेही तसेच आहे. २२ डिसेंबरनंतर २३ दिवसांनी, म्हणजे १४ जानेवारीस, सूर्य ज्या स्थानी येतो, त्याच स्थानी तो २२ डिसेंबरपूर्वी २३ दिवस, म्हणजे २९ नोव्हेंबरच्या आसपास, येऊन गेलेला असतो. तेव्हा गुहेतील प्रकाशाचा सोहळा वर्षातून एकदा नव्हे, दोनदा घडला पाहिजे. आणि तो घडतोही. बंगळूरच्या अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोव्हेंबरअखेरीच्या या प्रकाशाची नोंद आहे. फरक इतकाच की तेव्हा तो संध्याकाळी सुमारे वीस मिनिटे लवकर येतो आणि त्याच्या स्वागताला मेळा नसतो. त्या दिवशी सण नाही म्हणून गर्दी नाही. सूर्य मात्र आपले काम चोख करून जातो. शांतपणे पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाने हाच मुहूर्त साधावा.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना यावरून कोल्हापूरची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. महालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. तेथे मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, दुसऱ्या दिवशी वक्ष आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळते. कोल्हापूरकर हा किरणोत्सव वर्षातून दोनदा साजरा करतात: ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. आता हिशेब करून पाहावा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर हे ४२ दिवस, आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४१. दोन्ही पारडी जवळजवळ समान! कोल्हापुरात जाणाऱ्या सूर्याचाही उत्सव होतो आणि येणाऱ्याचाही. गवीपुरमात फक्त येणाऱ्याचा.

गवीपुरमच्या सोहळ्याची सांगड संक्रांतीशी घातलेली आहे, आणि संक्रांत ही स्थिर नाही. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भात मोजली जाते, तर ऋतू आणि इंग्रजी तारखा सूर्याच्या उत्तरदक्षिण गतीला बांधलेल्या असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे मंद गतीने डुलत असल्याने या दोन गणनांत अंतर पडत जाते, आणि संक्रांत ६०-७० वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली पानिपतचा रणसंग्राम झाला तो १४ जानेवारीस. त्या वर्षी संक्रांत त्याच्या सुमारे चार दिवस आधी येऊन गेली होती. खरे उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू होते आणि आपण ते तीन आठवडे उशिरा साजरे करतो, त्याचेही मूळ येथेच आहे. काही शतकांनी संक्रांतीचा दिवस आणि गुहेतला किरण यांची ताटातूट होईल. त्या वेळी लोक सणाला चिकटून राहतील की किरणाच्या मागे जातील, हे पुढच्या पिढ्यांनी ठरवायचे आहे.

मात्र ही ताटातूट शतकांनी व्हायची. मनुष्य ती एका वर्षातही घडवू शकतो. १७९२ च्या सुमारास थॉमस व विल्यम डॅनिएल या इंग्रज चित्रकारांनी या मंदिराची चित्रे काढली. ती आजच्या वास्तूशी ताडून पाहता काही भिंती व आडोसे मागाहून बांधलेले दिसतात. कोल्हापुरातही किरणांच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या इमारतींचा प्रश्न अनेकदा चर्चेला आला आहे. मंदिराचा दगड जपण्यासाठी कायदे आहेत. पण मंदिरापासून क्षितिजापर्यंतची मोकळी वाट हाही त्या वास्तूचाच अंश आहे, हे अजून पुरतेपणी मनावर बिंबलेले नाही. पश्चिमेस एक मजला वाढला, की शतकांची ही योजना अंधारात बुडू शकते.

ज्याला बंगळुरास आल्यावर आकाशाची ओढ अधिक लागेल, त्याला पुढची वाटही तेथेच सापडते. शहरात १९८९ पासून जवाहरलाल नेहरू तारांगण आहे. येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळा दूरदूर पसरल्या आहेत. १८९९ साली स्थापन झालेले, सूर्याचे वेध घेणारे कोडाईकनाल त्यांत आहे. जव्वादू टेकड्यांतील कावलूर येथे १९८६ पासून सव्वादोन मीटरांहून मोठ्या आरशाची दुर्बीण आहे. आणि लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर जी दुर्बीण आहे, ती बंगळूरनजीकच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालविली जाते.

तरीही आरंभ गुहेपासूनच करावा. तेथे दुर्बीण लागत नाही, गणित लागत नाही. नोव्हेंबरअखेरची एक निरभ्र संध्याकाळ आणि थोडा धीर एवढेच लागते. नंदीच्या शिंगांमधून उतरलेला तो किरण काही मिनिटांत सरकून जातो. पृथ्वी फिरते आहे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य त्या काही मिनिटांत प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते.