पाण्याखालचा पहारा

रात्रीचे नऊ वाजले की आमच्या इंदूरच्या सराफ्याचे रूप पालटते. दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांचे दरवाजे बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी यांच्या वासाने गल्ली भरून जाते. अशाच एका रात्री एका बंद पेढीच्या ओट्यावर आम्ही काही जुनी मंडळी बसलो असता, माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्री वाट काढीत आमच्यापाशी आल्या. चिरंजीव नौदलात अधिकारी आहेत, हे मला ठाऊक होते. क्षेमकुशल झाल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, तो आता पाणबुडीवर जायचं म्हणतोय. मला विचारतोय, आई, जाऊ का? जहाज निदान दिसतं तरी. जी वस्तू कोणाला दिसतच नाही, तिचा देशाला काय उपयोग हो?”

प्रश्न साधा होता, परंतु ‘चांगले काम आहे, जाऊ द्या’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटेना. त्या माउलीला त्या रात्री जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते सारे येथे एकत्र मांडीत आहे. आपल्या समाजातील इतर घरांतही हा प्रश्न केव्हातरी उंबरठ्याशी येईल.

प्रथम हे पाहू की, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या माळव्याचा समुद्राशी संबंध तो काय? उत्तर आमच्या समोरच्या कढईत होते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. कढईखाली जळणाऱ्या गॅसचीही तीच स्थिती आहे, आणि खनिज तेलाचे परावलंबन तर त्याहूनही मोठे. हे सारे मुख्यतः समुद्रमार्गेच येते. तो मार्ग कोणी अडविला, तर पहिला फटका बंदरांना बसेल हे खरे. पण थोड्याच दिवसांत सराफ्यातील चुलीही विझू लागतील. समुद्र आपल्या अंगणात नसला, तरी आपल्या स्वयंपाकघरात आहे.

आता पाणबुडीची शक्ती कशात आहे, ते पाहू. ती वेगात नाही आणि आकारातही नाही. डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली विजेच्या बॅटऱ्यांवर चालते. त्या वेळी इंजिने बंद असल्याने ती अत्यंत शांत असते. बॅटऱ्या उतरल्या म्हणजे मात्र तिला वर यावे लागते, किंवा पृष्ठभागाच्या लगत येऊन एका नळीवाटे हवा आत घ्यावी लागते. तेव्हा इंजिनांचा आवाज होतो आणि ती सापडण्याचा धोका वाढतो. पाण्यात दृष्टीचा उपयोग फार थोडा. तेथे राज्य चालते ते ध्वनीचे. म्हणून पाणबुडीचा शोध घेणारे यंत्रही ध्वनीवरच चालते. त्याचे नाव ‘सोनार’! सराफ्यात हे नाव उच्चारताच मंडळी हसली. पण साम्य अगदीच वरवरचे नाही. आपला जुना सोनार नाणे दगडावर आपटून त्याच्या नादावरून खरेखोटे ओळखीत असे. हे यंत्रही पाण्यात नाद सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ताडते. किंवा मुळीच आवाज न करता नुसतेच ऐकत राहते. परंतु समुद्रात उष्ण व थंड पाण्याचे थर असतात आणि त्या थरांमुळे ध्वनीची वाट वाकते. अशा थराआड दडलेली पाणबुडी जवळ असूनही ऐकू येत नाही. लपण्यासाठी निसर्गानेच तिला हा पडदा दिला आहे.

या लपण्याचे मोल काय, हे 1971 च्या युद्धाने आपल्याला दोन प्रसंगांतून शिकविले. त्या वेळी मी आईच्या कडेवर होतो; वडीलधाऱ्यांच्या तोंडून आणि पुढे पुस्तकांतून जे कळले तेच सांगतो.

1965 च्या युद्धात भारतापाशी एकही पाणबुडी नव्हती. पाकिस्तानापाशी एकच होती, अमेरिकेकडून मिळालेली ‘गाझी’. 8 डिसेंबर 1967 रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रीगा येथे ‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. तो दिवस आजही नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. 1971 च्या नोव्हेंबरात ‘गाझी’ कराचीहून निघून, सारा द्वीपकल्प वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. तिचे मुख्य लक्ष्य होते आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला गुपचूप अंदमानात धाडले आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असा भास निर्माण केला. 3 आणि 4 डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणम बंदराबाहेर प्रचंड स्फोट होऊन ‘गाझी’ सर्व खलाशांसह बुडाली. आपल्या ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती बुडाली असे आपण म्हणतो. तिच्याच पाणसुरुंगांचा स्फोट झाला असावा असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. कारण कोणतेही असो, दोन गोष्टी निर्विवाद आहेत. एक पाणबुडी येत आहे एवढ्या शंकेनेच आपल्या सर्वांत मोठ्या नौकेला जागा बदलावी लागली होती. आणि ती पाणबुडी नाहीशी होताच ‘विक्रांत’च्या विमानांना पूर्वेचा समुद्र मोकळा झाला.

दुसरा प्रसंग आपल्या बाजूने दुःखाचा आहे. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर जो हल्ला चढविला, त्याचा अभिमान आपण सारे बाळगतो. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवच्या समुद्रात काय घडले याची आठवण फार थोड्या घरांत निघते. ‘हँगोर’ नावाची फ्रेंच बनावटीची पाकिस्तानी पाणबुडी त्या भागात वावरत होती. तिचा माग काढण्यासाठी मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन फ्रिगेट धाडण्यात आल्या. ज्या शिकारीस निघाल्या, त्यांनाच शिकाऱ्याने गाठले. रात्री नवाच्या सुमारास ‘हँगोर’ने पाणतीर सोडला. ‘किरपाण’वर सोडलेला पाणतीर वाया गेला, दुसऱ्याने ‘खुकरी’चा वेध घेतला. काही मिनिटांतच ती नौका समुद्राच्या पोटात गेली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना नौका सोडण्याची आज्ञा दिली. स्वतः मात्र ते नौका सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविण्याचा जगातील हा पहिलाच प्रसंग होता.

यानंतर आपल्या नौका आणि विमाने कित्येक दिवस ‘हँगोर’चा शोध घेत राहिली, पण ती निसटून कराचीला पोहोचली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, एका पाणबुडीने एक नौका बुडविली हे तिचे अर्धेच कार्य. उरलेले अर्धे कार्य तिने केले ते निव्वळ न सापडण्याने. तिला शोधण्यात गुंतलेले बळ दुसरीकडे वापरता आले नाही.

1982 साली फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यात जे युद्ध झाले, त्यानेही हेच दाखविले. 2 मे रोजी ‘काँकरर’ या ब्रिटिश अणुपाणबुडीने ‘जनरल बेल्ग्रानो’ ही क्रूझर बुडविली. 323 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका आपल्या किनाऱ्याचा आसरा सोडून बाहेर आल्याच नाहीत. उलट बाजूस अर्जेंटिनाची ‘सान लुईस’ ही एकटी डिझेल पाणबुडी. तिचे पाणतीर नेम साधू शकले नाहीत. तरीही तिच्या भयाने ब्रिटिश आरमाराला सतत दारूगोळा खर्च करावा लागला, आणि ती मात्र सुखरूप परतली. दुबळ्यानेही बलवानाला जागे ठेवावे, हे पाणबुडीचे वैशिष्ट्य आहे.

मराठी माणसाला हे तत्त्व नवे वाटू नये. 1679 साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी मोठी गलबते आणून बेटाला वेढा दिला. मराठ्यांची लहान, उथळ, वल्ह्यांवर चालणारी होडकी रात्रीच्या अंधारात त्या गलबतांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिली. अखेर 1680 च्या प्रारंभी इंग्रजांना तह करून माघार घ्यावी लागली. ती होडकी काही पाण्याखालून जात नव्हती. पण न दिसण्यातील सामर्थ्य त्यांनी ओळखले होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली एक पाणबुडी आज ‘खांदेरी’ हेच नाव धारण करते, हे उचितच आहे. याच गोदीत बांधलेली ‘शाल्की’ 1992 मध्ये नौदलात आली. पुढे फ्रेंच आराखड्यावरून येथे सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. 2017 साली ‘कलवरी’ आणि 2025 साली ‘वागशीर’ अशी ती मालिका पूर्ण झाली.

तिकडे पाकिस्ताननेही चीनशी आठ पाणबुड्यांचा करार केला असून त्या वर्गाला नाव दिले आहे ‘हँगोर’. जुनी नावे समुद्र विसरत नाही.

एवढे ऐकल्यावर त्या बाई म्हणाल्या, “उपयोग कळला, सर. पण धोका?”

धोका नाकारण्यात अर्थ नव्हता. 14 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या गोदीत, युद्ध नसताना, ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन 18 जण दगावले. 2000 साली रशियाची ‘कुर्स्क’ 118 जणांसह बुडाली. 2021 साली इंडोनेशियाची ‘नांगाला’ 53 जणांसह गेली. पाणबुडीत जागा अपुरी, गोडे पाणी मोजके, सूर्यदर्शन नाही. कित्येक दिवस घरी पत्र नाही, दूरध्वनी नाही. कारण पाणबुडी बोलली की सापडली. तिच्या शौर्याला प्रेक्षक नसतो. ती कोठे होती, हेदेखील घरी आल्यावर सांगता येत नाही. यश मिळाले तर बहुधा काहीच घडत नाही : शत्रूची नौका बंदराबाहेर पडत नाही, आपले तेलवाहू जहाज निर्विघ्न येते आणि वर्तमानपत्रात एक ओळही छापून येत नाही. या कामाची आवड असलेली आणि शांत डोक्याची माणसेच त्यासाठी निवडली जातात. विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या नौदल संस्थेत त्यांचे कसून शिक्षण होते. तेथे उत्तीर्ण होणे सोपे नाही.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. समोरचा जिलबीवाला कढईखालचा गॅस मोठा करीत होता, तिकडे त्यांचे लक्ष होते. मग म्हणाल्या, “म्हणजे महिनाभर निरोप आला नाही, तर तो आपल्या कामावर आहे असंच मी समजायचं ना?”

मी म्हणालो, “होय वहिनी, तसेच समजायचे. आणि ते सोपे नाही, हेही त्याला कळू द्या.”

गेल्या महिन्यात त्यांनी चिरंजीवांना होकार कळविला, असे समजले. तो देताना त्यांनी एक अट घातली आहे : पहिल्या रजेत त्याने त्यांना दीवला न्यायचे. तेथे समुद्राकाठी ‘खुकरी’चे स्मारक आहे. त्याच नावाची दुसरी नौका 1989 ते 2021 नौदलात राहिली आणि तीही आता दीवलाच विसावली आहे. वाचकहो, आपणांपैकी कोणी सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेस निघाले, तर वाट थोडी वाकडी करून दीवला अवश्य जावे, आणि बरोबरच्या मुलांना त्या 194 जणांची गोष्ट सांगावी. ती सांगताना आणखी एवढेही सांगावे की, समोर जो रिकामा समुद्र दिसतो, तो रिकामा असेलच असे नाही. त्याच्याखाली कदाचित आपल्यापैकीच कोणाचा मुलगा जागा असेल.