सारी मुले मिरजेची!

समजा तुमच्या शाळेच्या गुणपुस्तकात प्रत्येक चाचणीच्या ओळीत मुलाचे नाव, गाव आणि गुण असे सारेच लिहिले आहे. वर्षात बारा चाचण्या झाल्या, तर एकाच मुलाचे गाव बारा वेळा लिहावे लागेल. तो मुलगा सांगलीहून मिरजेला राहायला गेला, की बारा ठिकाणी खाडाखोड! त्यांतली एक राहून गेली, तर मुलगा राहतो कोठे? गुणपुस्तक दोन उत्तरे देईल.

संगणकात माहिती साठवतानाही हाच घोटाळा होतो. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती साध्या कोष्टकांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. मुलाचे गाव एका कोष्टकात एकदाच लिहायचे. गुणांच्या कोष्टकात फक्त त्याचा क्रमांक ठेवायचा. दोन्ही कोष्टके त्या क्रमांकाने जोडता येतात. अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल.

मी हे शिकलो तेव्हा आमचे सर व्याख्या सांगत आणि आम्ही त्या उतरवून घेत असू. गुण भरपूर मिळाले, डोक्यात मात्र काही शिरले नाही. एके दिवशी प्रयोगशाळेत मी एका मुलाचे गाव बदलण्यासाठी ‘अपडेट’ ही आज्ञा दिली. पण कोणत्या मुलाचे, हे सांगणारा ‘व्हेअर’चा भाग विसरलो. क्षणात वर्गातली सारी मुले मिरजेची झाली! सर कडाडले आणि मला आठवडाभर यंत्राला हात लावू दिला नाही.

पुढे दुसऱ्या बाईंना ही हकीकत सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “संगणकाने तुझी आज्ञा मोडली की पाळली?” विचार केला, तर पाळलीच होती. मग त्यांनी दाखवले: आधी तीच अट घालून ‘सिलेक्ट’ करावे आणि किती ओळी येतात ते पाहावे. मग ‘बिगिन’ म्हणून बदल करावा. चुकला तर ‘रोलबॅक’, बरोबर असेल तरच ‘कमिट’. दहा मिनिटांत वर्षभराचा गुंता सुटला. (सरांच्या व्याख्या चुकीच्या नव्हत्या, हेही तेव्हाच कळले. त्यांना उदाहरण तेवढे जोडलेले नव्हते.)

तुम्हाला असे सर भेटले, तर विषय सोडू नका. एसक्यूलाइट हे साधन फुकट मिळते. त्यात दहा ओळींचे कोष्टक करा आणि ते मुद्दाम बिघडवून पाहा. प्रश्न नेमका विचारा. “समजले नाही” म्हटले की रागीट शिक्षक आणखी चिडतात. “ही आज्ञा दिली, दोन ओळी यायला हव्या होत्या, पाच आल्या” असे म्हटले, तर तेच शिक्षक पुष्कळदा खुर्ची ओढून शेजारी बसतात.

आता एक कोडे. विद्यार्थ्यांच्या कोष्टकातून शाळा सोडून गेलेल्या क्रमांक १७ च्या मुलाचे नाव खोडले. पण गुणांच्या कोष्टकात १७ हा क्रमांक तसाच राहिला. पुढच्या वर्षी तोच क्रमांक नव्या मुलीला दिला, तर ते जुने गुण कोणाचे? आणि हा घोटाळा संगणकाने आधीच अडवावा, यासाठी त्याला काय सांगून ठेवाल?