कृष्णधवल छायाचित्राची निळसर छटा : डेव्हलपर स्वतः तयार करताना

निरोप समारंभासाठी दहावीच्या वर्गाच्या छायाचित्राच्या प्रती काढण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. एका वर्षी वाळलेल्या प्रती ओळीने मांडल्या, तेव्हा पहिल्या प्रती निळसर काळ्या आणि शेवटच्या किंचित तपकिरी दिसल्या. निगेटिव्ह एकच, कागदही एकाच खोक्यातला. हजेरीपटात ज्यांची नावे शेवटी, त्यांच्या वाट्याला मात्र मळकट प्रत आली होती. या भेदाचे कारण डेव्हलपरमध्ये होते.

छायाचित्राच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश लागलेल्या क्षारांचे डेव्हलपर शुद्ध चांदीत रूपांतर करतो. चांदीचे कण अतिसूक्ष्म राहिले तर छटा तपकिरी, म्हणजे उबदार दिसते. कण पुरेसे वाढले तर ती निळसर काळ्या, थंड रंगाकडे झुकते. पोटॅशियम ब्रोमाईड या क्रियेला लगाम घालते. त्यामुळे कोरा भाग स्वच्छ राहतो. परंतु ब्रोमाईड अधिक झाले की छटा उबदार होते. प्रत्येक प्रत धुताना कागदातूनही थोडे ब्रोमाईड द्रावणात उतरते. आमच्या शेवटच्या प्रती तपकिरी होण्याचे मर्म हेच होते.

कोडॅकचे डी-७२ हे प्रसिद्ध सूत्र यासाठी उत्तम आधार ठरते. एक लिटर मूळ द्रावणासाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाईट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, एकजलीय सोडियम कार्बोनेट ८० ग्रॅम व पोटॅशियम ब्रोमाईड २ ग्रॅम लागते. कार्बोनेट निर्जल असल्यास सुमारे ६८ ग्रॅम पुरे. मेटॉल व हायड्रोक्विनोन प्रत्यक्ष विकास घडवितात, सल्फाईट त्यांना हवेपासून जपते आणि कार्बोनेट आवश्यक अल्कता देते.

सुमारे ५० अंश सेल्सियसच्या अर्धा लिटर पाण्यात हे पदार्थ वरील क्रमानेच विरघळवावेत. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा घालू नये. सल्फाईटच्या तीव्र द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. घाईत मी एकदा हा क्रम उलटा केला आणि अख्खी बाटली ओतून द्यावी लागली. सल्फाईटची केवळ एक चिमूट मेटॉलच्या आधी घालावी. शेवटी थंड पाणी घालून एक लिटर पूर्ण करावे. वापरताना एक भाग द्रावणात दोन भाग पाणी मिसळावे.

थंड छटेसाठी या सूत्रातील ब्रोमाईड २ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर आणावे. कमी झालेला लगाम बेन्झोट्रायझोलने भरून काढावा, कारण ते कोरा भाग स्वच्छ राखते आणि छटाही निळसर करते. त्याचा १ ग्रॅम १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ठेवावा. वापरावयाच्या एक लिटर द्रावणात आरंभी १० मिलिलिटर घालून चाचणी घ्यावी. गरजेप्रमाणे ५-५ मिलिलिटर वाढवावे. प्रमाण वाढेल तसा कागदाला प्रकाश अधिक द्यावा लागतो. मुळात उबदार छटेसाठी बनविलेला कागद मात्र या उपायाने पूर्णपणे थंड होत नाही.

तापमान २० अंश राखावे. आपल्याकडील उन्हाळ्यात ताट बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवावे. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये. प्रत दोन मिनिटे पुरती उमलू द्यावी. काळी पडते आहे म्हणून लवकर उचलल्यास कण अपुरे वाढतात आणि छटा उबदार राहते. छटेची पारख लाल दिव्याखाली करू नये. प्रत वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात करावी.

मेटॉलमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून हातमोजे व चिमटा अनिवार्य मानावा. भुकटी तोलताना नाकातोंडावर कापड बांधावे. ही भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत आणि प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहावी.

त्या वर्षी तपकिरी झालेल्या सर्व प्रती मी ताज्या द्रावणात पुन्हा काढल्या. तेव्हापासून एक लिटर द्रावणात ८ × १० इंचांच्या पंधराच प्रती काढून ते बदलण्याचा नियम ठेवला. थोडे रसायन अधिक खर्च होते. पण हजेरीपटातील शेवटच्या मुलालाही पहिल्यासारखीच प्रत मिळते.