एअर रायफलचा लाकडी चीकपीस: माप, बसवणं आणि तेलपाणी

रायफलच्या स्टॉकवर नेमबाज जिथे गाल टेकवतो, त्या भागाला चीकपीस म्हणतात. दिसायला तो लाकडाचा साधा ठोकळा. गालाला मऊ लागावं म्हणून तो असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं खरं काम वेगळं आहे: प्रत्येक शॉटला डोळा नेमका त्याच जागी आणून ठेवणं.

नागपुरात, नंदनवनला घरच्या सुतारकामाच्या टेबलावर मी १० मीटर एअर रायफल खेळणाऱ्या शाळकरी मुलांसाठी असे तुकडे घडवतो. सरावाची रायफल बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या मापाची असते. नवी आयात केलेली मॅच रायफल लाखांत जाते आणि वाढत्या वयाच्या मुलाला तेच माप फार दिवस पुरतही नाही. मग बदलता येण्यासारखी सगळ्यात स्वस्त गोष्ट उरते ती म्हणजे चीकपीस.

डोळा सरकला तर किती बिघडतं?

मॅच रायफलला मागे डायऑप्टर असतो, म्हणजे बारीक भोक असलेली चकती. पुढे नळीच्या टोकाला रिंग असते. डोळा, भोक, रिंग आणि टार्गेट एका रेषेत यायला हवेत. मागचं आणि पुढचं साइट यांत साधारण पाऊण मीटर अंतर धरा. टार्गेट १० मीटरवर. डोळा भोकाच्या मध्यापासून ०.१ मिमी सरकला, तर टार्गेटवर ती चूक सुमारे बारा पट होते, म्हणजे १.२ मिमी.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमी व्यासाचा असतो आणि पुढच्या प्रत्येक रिंगची त्रिज्या २.५ मिमीने वाढत जाते. दशांश गुणांत ०.२५ मिमी म्हणजे ०.१ गुण. त्या हिशोबाने ०.१ मिमीचा सरक जवळपास अर्धा गुण खातो. ६० शॉटच्या पात्रता फेरीत तो किती वेळा खाईल, ते बघा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. तिन्ही वेळी मानेचा कोन वेगळा, म्हणून चीकपीस वरखाली करता येणं तिथे गरजेचंच असतं.

लाकूड कसं निवडायचं?

नंदनवनपासून लकडगंज जवळ आहे, त्यामुळे लाकडाची अडचण नाही. मी सागवान घेतो, शक्यतो जुन्या दारा-चौकटीचं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं.

नागपूरची हवा मात्र लाकडाची परीक्षा घेते. मेमध्ये कोरडी भट्टी आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. समजा या काळात लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला, तर ४० मिमी उंचीचा सागवानी तुकडा वर्तुळांच्या दिशेने सुमारे ०.४५ मिमी फुगतो. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने मात्र त्याच्या साधारण निम्माच. गाल मऊ असल्यामुळे हा फरक जसाच्या तसा डोळ्यापर्यंत पोचत नाही, पण टाळता येत असेल तर टाळावा.

म्हणून तुकडा कापताना दोन गोष्टी बघा. लाकडाच्या रेषा रायफलच्या लांबीला समांतर हव्यात. आणि टोकाकडून पाहिल्यावर वाढीची वर्तुळं आडवी दिसायला हवीत.

आधी पुठ्ठा, मग लाकूड

१. रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासा आणि सेफ्टी फ्लॅग लावा. पुढचं सगळं काम असंच.

२. नेमबाजाला शूटिंग जॅकेट घालून खऱ्या पोझिशनमध्ये उभं करा. जॅकेटच्या जाडीने खांदा बदलतो आणि डोकंही.

३. डोळे मिटून गाल टेकवायला सांगा. डोक्याचं वजन सैल सोडायचं. मग डोळे उघडायचे. समोर रिंग मधोमध दिसली तर उंची बरोबर. मान ताणून किंवा गाल दाबून शोधावी लागली तर नाही.

४. पुठ्ठ्याचे थर मास्किंग टेपने लावत-काढत उंची जुळवा. किमान दहा वेळा तेच उत्तर आलं पाहिजे. मग व्हर्नियरने माप घ्या.

घडवणं आणि बसवणं

मॅच रायफलच्या स्टॉकवर बहुधा स्टीलचे दोन दांडे असतात आणि चीकपीस त्यांवर बसतो. आपण फक्त वरचा तुकडा बदलायचा. स्टॉकला नवं भोक पाडू नका. हवेच्या सिलिंडरजवळ तर ड्रिल न्यायचंच नाही.

दांड्यांच्या टोकांना थोडी लिपस्टिक लावून लाकूड वर टेकवा. ठिपके उमटतील, तिथेच भोकं पाडा. ड्रिल स्टँड वापरा. दोन भोकं समांतर नसतील तर तुकडा वरखाली करताना अडकतो. भोकाच्या वर किमान १० मिमी लाकूड शिल्लक ठेवा.

आकारासाठी आधी कानस, मग पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २४०. गालाचं हाड जिथे टेकतं तिथे उथळ खळगा ठेवा. पेलेट भरण्याचा लिव्हर पूर्ण उघडतो ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघा. सागाची धूळ नाका-घशाला त्रास देते, तेव्हा मास्क लावा.

तेल

शेवटच्या पेपरआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा. तंतू उभे राहतात. वाळल्यावर ३२० ने हलकं घासा. मग जवसाचं तेल, पण खाण्याचं नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं ते. ते लवकर सुकतं.

पातळ हात द्या, १५-२० मिनिटांनी जास्तीचं पुसा, एक दिवस थांबा. असे चार हात. खालची बाजू, दोन्ही टोकं आणि भोकांच्या आतही तेल पोचवा, कारण ओलावा टोकांकडून सगळ्यात लवकर शिरतो. चकचकीत व्हार्निश नको. घामात गाल त्यावर कधी चिकटतो, कधी घसरतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकतं आणि त्यात उष्णता निघते. घडीतली उष्णता बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

मैदानावर जाण्याआधी

आंतरराष्ट्रीय नियमांत एअर रायफलचं वजन ५.५ किलोपर्यंतच चालतं आणि चीकपीसच्या मापांनाही मर्यादा आहेत. सागाचा असा तुकडा सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतो, तरी पूर्ण रायफल वजनकाट्यावर ठेवा. रायफल क्लबची असेल तर परवानगी घ्या आणि मूळ तुकडा जपून ठेवा.

मूल वाढतं तशी मानही वाढते. दर तीन-चार महिन्यांनी डोळे मिटून-उघडून बघायची चाचणी पुन्हा करा. दांड्यांवरची नवी उंची पेन्सिलने खुणावा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. गुण अचानक घसरले, तर प्रशिक्षकाला आधी ती वही दाखवा.